राळ न लावलेला दगड

चित्र स्वच्छ आलं, आणि ते पाहून चकतीकाका धास्तावले.

खरं म्हणजे त्यांचा जीव भांड्यात पडायला हवा होता. शेजारी बसलेल्या डॉक्टरबाईंचा पडलाही. "काका, एक भेग नाही बघा," त्या म्हणाल्या. "वरपासून खालपर्यंत दगड एकजीव आहे. आणि कडा? साबण सुरीने कापावा तशा! तुमच्या हाताला तोड नाही."

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. चित्र तेच होतं. करडं, सपाट, झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखं.

पडद्यावरचा तो दगड खाणीतला होता. जमिनीखाली तिसऱ्या पातळीवर छत तोलून धरायला मुद्दाम न खोदता सोडलेले दगडी खांब होते, त्यांतल्या सातव्याचा. तीन आठवड्यांपूर्वी त्या खांबातून, कुणी आतून टिचक्या माराव्यात तसे आवाज आले. पाळीतली माणसं हातातली हत्यारं टाकून वर आली. खांबाभोवती लोखंडी टेकू उभे केले आणि ती पातळी बंद झाली. खांब पाहावा तर डोळ्यांना धडधाकट. साध्या भिंगालाही धडधाकट. शेवटी त्याच्या पोटातून मनगटाएवढ्या जाडीची एक कांडी कोरून काढली आणि इथे, प्रयोगशाळेत पाठवली. कारण इथे डॉक्टरबाईंचं यंत्र होतं.

यंत्र म्हणजे सूक्ष्मदर्शकच, पण डोळ्यांचा नव्हे, कानांचा. त्याच्या टोकाला एक इवलंसं भिंग आणि भिंगाच्या तळाशी मोहरी बसेल एवढी खळगी. भिंग आणि दगड यांच्यामध्ये पाण्याचा थेंब. भिंगातून इतका बारीक आवाज निघायचा की वटवाघळानेही कान टवकारू नयेत. तो पाण्यातून दगडात किंचित उतरायचा आणि माघारी यायचा. दगड घट्ट असेल तिथून एक निरोप आणायचा, ढिला असेल तिथून दुसरा. ठिपक्याला ठिपका, ओळीला ओळ जोडत चित्र उभं राहायचं. केसाच्या शंभराव्या हिश्शाची भेग उजेडाला चकवते, पण आवाज तिच्यावर आपटतो.

काकांचं काम यंत्राच्या आधीचं. दगड कापायचा, घासायचा, आरशासारखा करायचा आणि त्याची चकती बाईंच्या हातात द्यायची. अडतीस वर्षं ते हेच करत आले होते. हजेरीपटावर त्यांचं दुसरं काहीतरी नाव होतं, पण ते घेऊन हाक मारली तर खुद्द काकांनीही मागे वळून पाहिलं नसतं.

आणि काकांनी परवा एक गोष्ट केली होती.

कांडी खोक्यातून काढून हातात घेतली, तर तिची कड अंगठ्याखाली बिस्किटासारखी भुगा झाली. अशी कांडी करवतीखाली धरली की तिचे चार तुकडे ठरलेले. काकांच्या उस्तादांनी त्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, आधी दगड वाचवा, मग वाचा. त्या शिकवणीला जागून काकांनी दगड गरम केला, पाण्यासारखी पातळ राळ त्याच्या कडेला सोडली आणि तो भट्टीत ठेवून दिला. सकाळपर्यंत राळ काचेसारखी घट्ट झाली. मग करवत लोण्यातून जावी तशी गेली.

उजेडाच्या सूक्ष्मदर्शकासाठी जगभर असंच करतात. कानाच्या यंत्रासाठी मात्र ते चालत नाही. राळ भेगेत शिरून घट्ट बसली की आवाजाला भेग लागतच नाही; ओढ्यावर फळी टाकल्यावर माणूस पलीकडे जावा तसा तो जातो. यंत्र आलं त्याच दिवशी बाईंनी हे समजावून सांगितलं होतं आणि 'या यंत्राच्या दगडांना राळ नाही' अशी चिठ्ठी भट्टीच्या दारावर लावली होती. पण रोज डोळ्यांसमोर असलेली चिठ्ठी माणूस वाचतो कुठे? आणि खरं सांगायचं तर परवा काकांनी ती वाचली होती. थेंबभर तर लावतोय, तीही कडेला, असं मनाशी म्हणत त्यांनी दार लावलं होतं.

राळ कडेला थांबली नसावी. तहानलेला दगड तिला आत ओढून बसला असावा.

"पाठवू ना अहवाल?" बाईंनी विचारलं. विचारलं म्हणजे नुसतं म्हणाल्या. त्यांचा हात केव्हाच कळफलकावर होता.

आत्ता बोल, काकांनी स्वतःला सांगितलं. राळ आत गेली नसली तर? दगड खरंच चांगला असला तर? मग अडतीस वर्षांचा माणूस चिठ्ठी डावलून राळ लावतो, एवढंच काय ते उघड्यावर येईल, तेही विनाकारण. झाकली मूठ सव्वा लाखाची. ते "हं" म्हणाले. तो हुंकार होता की होकार, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी अहवाल गेला.

काका मागच्या शेडमध्ये आले. करवत, तिच्याखालची पत्र्याची परात, भिंतीलगत बाटल्यांमधल्या घासायच्या पावडरी, भरडपासून मैद्यासारख्या मऊपर्यंत. त्यांनी खोक्यात पाहिलं. कांडीचा उरलेला टोकाचा तुकडा कापडात गुंडाळलेला होता. चार बोटं लांबीचा. तो आणतानाच तुटून वेगळा पडला होता, म्हणून याला राळ लागलेली नव्हती. त्यांनी तो उचलला, उजेडाकडे धरला, पुन्हा ठेवला. परात धुतली. धुतलेली परात पुन्हा धुतली.

बारा वाजता फोन वाजला. जावयाचा होता.

जावई खाणीत फोरमन. काकांची लेक आणि तो जिन्याच्या पलीकडच्या बिऱ्हाडातच राहत. त्याला बोलायला लागला की थांबणं ठाऊक नव्हतं आणि सासऱ्याला बोलायला लागणंच ठाऊक नव्हतं, त्यामुळे दोघांचं छान जमायचं. "घरी मामा, कामावर काका," तो म्हणायचा, "दगडांचे तेवढे बाप."

"मामा! तुमच्या दगडाने पास केलं म्हणे आम्हाला!" मागे माणसांचा गलका ऐकू येत होता. "तीन आठवडे घरी बसून तुमच्या लेकीने मला भांडी घासायला लावली. आज सुटलो."

"कधी जाताय खाली?"

"दोनच्या भोंग्याला. पहिलं काम सातव्या खांबाचे टेकू काढायचं. ते काढल्याशिवाय गाड्या पुढे जात नाहीत."

"टेकू... आजच काढायचे?"

"मग काय पूजा करायची त्यांची? तुम्हीच म्हणालात ना, खांब ठणठणीत आहे म्हणून." जावई हसला. "का हो मामा, आवाज का असा? जेवला नाहीत का?"

"जेवतो," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

शेड ते यंत्राची खोली, अठ्ठावीस पावलं. त्या पावलांमध्ये काकांनी चार वाक्यं जुळवली आणि चारही मोडली. दारात पोचले तेव्हा त्यांच्याजवळ एकच शब्द उरला होता.

"राळ," ते म्हणाले.

बाई डबा उघडत होत्या. "काय?"

"त्या चकतीला मी राळ लावली होती. परवा. कड ढासळत होती म्हणून."

डब्याचं झाकण टेबलावर तसंच गोल फिरत राहिलं आणि थांबलं. बाई विद्यार्थिनी होत्या तेव्हा पहिला दगड काकांनीच त्यांना कापायला शिकवला होता. करवतीने नखाचं टोक उडालं तेव्हा बोट काकांनीच बांधलं होतं. त्या काकांवर कधी आवाज चढवत नसत. आत्ताही चढवला नाही. तो चढवला असता तर बरं, असं काकांना वाटलं.

"चिठ्ठी वाचली नव्हती?"

"वाचली होती."

"मग?"

"दगड मोडला असता."

"मोडू द्यायचा होता!" बाई उठल्या. "मोडका दगड आणून दिला असतात तरी मी त्यात बघितलं असतं. तुम्ही मला शिवलेला दगड दिलात, काका. शिवलेला! आणि मी मूर्खासारखी टाक्यांचं कौतुक करत बसले." त्यांनी घड्याळ पाहिलं. "अहवाल जाताना तुम्ही इथेच उभे होतात."

काकांनी मान खाली घातली.

बाईंनी खाणीच्या मॅनेजरसाहेबांना फोन लावला आणि काकांनाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"मी सकाळचा अहवाल मागे घेते आहे. दगड तयार करताना चूक झाली."

"म्हणजे खांब वाईट आहे?" साहेबांनी विचारलं.

"तसं म्हणत नाही मी. चांगला आहे हे आता सांगता येत नाही, एवढंच."

"बाई, तीन आठवडे मी याच वाक्यावर बसलोय." साहेबांचा आवाज दमलेला होता, वाईट नव्हता. "समितीने तुमच्या चित्रावर काम सुरू करायला मान्यता दिली. तुमचा मागे घेतलेला अहवाल मी समितीपुढे ठेवीन, पण समिती बसते चार वाजता. पाळी जाते दोनला. तुम्ही दुसरं चित्र द्या, भेग दाखवा, मी माझ्या अधिकारात त्या क्षणाला थांबवतो. पण सकाळी चित्र आणि दुपारी नुसती शंका, हे मी वर कुणाला सांगू?"

"दोनच्या आत चित्र देते."

"द्या. मीही माणूसच आहे."

फोन बंद झाला. सव्वाबारा. "दुसरा दगड आहे?" बाईंनी विचारलं.

"चार बोटं. कोरा. पण करवतीखाली टिकणार नाही तो."

"करवत लावायचीच नाही. करवत लावली आणि भेगा निघाल्या, तर साहेब म्हणतील तुमच्या करवतीनेच पाडल्या." बाई येरझाऱ्या घालायला लागल्या. "काका, चकती कशाला हवी आपल्याला?"

काका पाहत राहिले. चकती कशाला हवी, हा प्रश्न चकतीकाकांना आजवर कुणी विचारला नव्हता.

"उजेड आरपार जायला हवा म्हणून चकती," बाई म्हणाल्या. "आवाजाला आरपार जायचंच नाहीये. तो वरूनच आत डोकावून परत येतो. मला फक्त एक तोंड गुळगुळीत करून द्या. अंगठ्याच्या नखाएवढं. बाकी दगड ओबडधोबड राहू दे. हाताने होईल?"

"हाताने दीड तास लागतो."

"तासात करा."

काचेचा जाड तक्ता टेबलावर पसरला, त्यावर चिमूटभर भरड पावडर, पावडरीवर पाणी. काकांनी दगड तळव्यात धरला आणि आठाच्या आकड्यात फिरवायला सुरुवात केली. जोर द्यायचा नाही. जोर दिला की ढासळतो. जोर नाही दिला की वेळ जातो. दगडाखाली हात सापडणं म्हणतात ते हेच. फरक इतकाच की इथे दगडही हाताखाली सापडला होता.

खर्र, खर्र, असा आवाज येत होता. बाई दारात उभ्या राहून घड्याळाकडे आणि हाताकडे आळीपाळीने पाहत होत्या.

"बाई, तुम्ही तिकडे जा. तुमच्या बघण्याने हात कापतो."

"इतकी वर्षं कापला नाही तो!"

"इतकी वर्षं जावई खाली जाणार नव्हता."

खाली जाणारा फोरमन कोण, हे बाईंच्या आत्ता ध्यानात आलं. त्या यंत्र तयार करायला निघून गेल्या.

पाऊण वाजता दगडाचा एक कोपरा निखळला. कट् असा आवाज झाला आणि तुकडा काचेवर घरंगळला. जुना हात आपोआप राळेच्या बाटलीकडे वळला. खरोखर वळला, बोटं बाटलीला टेकली. मग त्यांनी बाटली उचलून खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवली आणि खिडकी लावून घेतली. उरलेलं तोंड अजून दोन नखांएवढं होतं. तक्ता धुतला. त्याहून बारीक पावडर. पुन्हा आठाचा आकडा. खर्र ऐवजी आता सर्र असा आवाज यायला लागला, मग नुसता श्वासासारखा. शेवटी कापडावर मैद्यासारखी पांढरी पावडर. मनगटापासून कोपरापर्यंत हात बधिर झाला होता. तोंड चमकायला लागलं. आरसा झाला नव्हता. पावसाळी डबक्याइतकं चकचकीत मात्र झालं होतं. एक वाजून चौदा मिनिटं.

"पुरे," बाई मागून म्हणाल्या. "आणा."

दगड यंत्रासाठी फारच उंच होता. बाईंनी खालचं ताट काढून टाकलं, मेणाच्या गोळ्यावर दगड दाबून बसवला आणि चमकत्या तोंडाभोवती मेणाचीच बारीक पाळ केली. आत चमचाभर पाणी सोडलं. भिंग खाली आणणार, तोच काका म्हणाले, "थांबा."

पाण्यातून बुडबुडे येत होते. टाचणीच्या टोकाएवढे. आणि ते कुठेही येत नव्हते. एका तिरक्या ओळीत येत होते, मुंग्या चालाव्यात तसे.

दोघंही वाकून पाहत राहिले.

"आत हवा आहे," बाई हळूच म्हणाल्या. "म्हणजे आत जागा आहे."

"मग हेच कळवू की साहेबांना! फोटो काढा."

"बुडबुड्यांचा? ते म्हणतील पाणी उकळत होतं." त्यांनी ओठ चावला. "आणि हे थांबेपर्यंत चित्रही घेता येणार नाही. आवाज हवेतून पलीकडे जात नाही. प्रत्येक बुडबुड्यापाशी आंधळा होतो."

काकांनी रंगाचा मऊ कुंचला आणला आणि बुडबुडे हलकेच झाडले. पुन्हा आले. पुन्हा झाडले. दगड पाणी पीत होता आणि सावकाश पीत होता. घाई त्याला ठाऊक नव्हती. त्याला कोट्यवधी वर्षांची सवय. एक वीस. एक चोवीस. रस्त्यावरून ट्रक गेला आणि पाण्यावर बारीक थरथर उठली. बाईंनी ट्रकवाल्याला अशी एक शिवी हासडली की काकांनी ऐकलीच नाही असं दाखवलं. एक सत्तावीसला शेवटचा बुडबुडा आला. मग आणखी एक. मग काही नाही.

भिंग पाण्यात उतरलं आणि मागोमाग बाईंनी ते केसभर आणखी खाली घेतलं. "नजर पृष्ठभागाच्या जरा आत," त्या म्हणाल्या. "भेगा असल्या तर तिथे लाटा दिसतील." त्यांनी बटण दाबलं.

चित्र वरून एकेक ओळ उतरायला लागलं. चौदा मिनिटं लागणार होती. पहिली तीन मिनिटं नुसता करडा रंग. काकांना वाटलं, बरंच झालं. खांब चांगलाच आहे, मी खोटा ठरलो. दुसऱ्या क्षणाला वाटलं, पुन्हा तेच, पुन्हा स्वच्छ, आणि या वेळी राळ नसूनही आपण काहीतरी बिघडवलंय. आपल्याला नक्की काय हवंय, हेच त्यांना समजेना. चांगला खांब हवा की खरा दगड?

पाचव्या मिनिटाला उजव्या कोपऱ्यात काळा ठिपका उमटला. पुढच्या ओळीत तो जरा डावीकडे सरकला. पुढच्या ओळीत आणखी. ठिपक्यांची रेघ झाली. आणि रेघेच्या दोन्ही अंगांना, पाण्यात काठी धरल्यावर वलयं उठावीत तशा फिकट-गडद लाटा.

"भेग," बाई म्हणाल्या.

सातव्या मिनिटाला दुसरी. तीही त्याच बाजूला कललेली. नवव्याला तिसरी आणि चौथी एकदम. सगळ्या एकाच दिशेने तिरक्या, आणि मधल्या दोघींना जोडणारे बारीक फाटे. पत्त्यांचा जुडगा हाताने तिरका लोटावा तसा तो दगड आतून सरकायच्या बेतात होता.

"पूर्ण होऊ द्यायचं?" काकांनी विचारलं.

"नाही." बाईंनी अर्धंच चित्र उचललं, सकाळच्या चित्राशेजारी ठेवलं, खाली दोन ओळी लिहिल्या आणि पाठवलं. एक वाजून एकोणचाळीस. साहेबांचा फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला. कचेरीत लावला तेव्हा कुणी म्हणालं, साहेब आत्ताच खाणीच्या तोंडाशी गेलेत, पाळीला शुभेच्छा द्यायला.

"शुभेच्छा!" बाई फोनवर ओरडल्या. "अहो, पळा त्यांच्या मागे! चित्र बघा म्हणावं!"

काकांनी जावयाला फोन लावला. बंद. खाली जाताना फोन वरच ठेवून जावे लागतात. एक वाजून सत्तेचाळीस.

"दिव्यांची खोली," काका म्हणाले. डोक्यावरचे दिवे जिथे खिळ्याला टांगलेले असतात, ती खोली. पाळी तिथूनच खाली नेणाऱ्या पिंजऱ्यात चढते. तिथे भिंतीवर फोन होता. लेकीने एकदा जावयासाठी तिथे निरोप ठेवला होता आणि नंबर घरच्या वहीत लिहिला होता. काकांनी लेकीला फोन केला, नंबर मागितला. "बाबा, काय झालं?" तिने विचारलं. "नंबर सांग आधी, बाळ," ते म्हणाले, आणि त्यांचा सूर ऐकून तिने पुढे काही विचारलं नाही.

दिवेवाल्याने फोन उचलला. मग पावलं, मग जावई. "मामा? इथे? सगळं ठीक ना?"

"खाली जाऊ नका."

"काय?"

"खांब वाईट आहे. दुसरं चित्र आलंय. साहेबांना पाठवलंय, त्यांनी पाहिलं नाही अजून."

"मामा, साहेब इथे बाहेरच उभे आहेत, हात हलवतायत. त्यांचा हुकूम नाही आणि मी पाळी अडवायची? कशावर? सकाळी पास, आता नापास. माणसं हसतील मला. म्हणतील, सासऱ्याला लेकीचा कळवळा आला."

"सकाळचं चित्र खोटं होतं."

"खोटं म्हणजे?"

काकांनी बाईंकडे पाहिलं. बाई पडद्याकडे पाहत होत्या.

"मी खोटं केलं," काका म्हणाले. "दगड मोडेल म्हणून मी त्यात राळ भरली. भेगा बुजल्या. लावायची नाही हे मला ठाऊक होतं, तरी लावली. अहवाल गेला तेव्हाही मी गप्प बसलो. बारा वाजता तुमचा फोन आला तेव्हाही. आता सांगतोय. टेकू काढू नका."

एवढं सलग काका आयुष्यात या जावयाशी बोलले नव्हते.

"धरा," जावई म्हणाला.

त्याने फोन ठेवला नाही, नुसता लोंबकळत सोडला. पावलं दूर गेली. मग त्याचा आवाज, लांबून: "ए, पिंजऱ्याचं दार उघड! उघड म्हणतो ना! उतरा सगळे!" कुणीतरी काहीतरी विनोद केला, कुणी हसलं, मग कुणी हसेना. एक जाड आवाज रागावला, तो बहुधा साहेबांचा. त्यावर जावयाचा. मग दोन्ही आवाज एकात एक मिसळले. मधेच धापा टाकत आलेला तिसरा, कचेरीतला, "साहेब, साहेब, चित्र," एवढंच म्हणणारा.

नेमका त्याच वेळी दोनचा भोंगा झाला. फोनमधून तो इतका कर्कश आला की बाईंनी कानांवर हात ठेवले. काकांनी रिसीव्हर कानापासून हलवला नाही.

भोंगा संपला. पलीकडे खिळ्यावर काहीतरी अडकवल्याचा खट्ट आवाज झाला. पुन्हा खट्ट. दिवे परत टांगले जात होते. काकांनी डोळे मिटले आणि मोजायला लागले. मोजताना त्यांच्या ध्यानात आलं की पाळीत किती माणसं आहेत हे त्यांना ठाऊकच नाही. तरी ते मोजत राहिले. सतराव्यानंतर आवाज थांबला.

"आहात का, मामा?" जावयाचा आवाज जवळ आला. काकांनी विचारलं, "किती जण जाणार होते?"

"अठरा. अठरावा दिवा माझ्या डोक्यावर आहे अजून." मग, "साहेबांना बोलायचंय."

काकांनी रिसीव्हर बाईंकडे केला. बाईंनी फोनचा आवाज पुन्हा मोठा केला.

"बाई, चित्र बघितलं मी." साहेबांचा आवाज आता वेगळाच होता, खालच्या पट्टीतला. "सकाळचा दगड कुणी तयार केला होता?"

बाईंनी काकांकडे पाहिलं. "आमच्या प्रयोगशाळेने," त्या म्हणाल्या. "जबाबदारी माझी आहे."

काकांनी हात पुढे केला. बाईंनी मान हलवून नकार दिला. काकांनी हात मागे घेतला नाही. शेवटी बाईंनी रिसीव्हर दिला.

"मी केला होता," काका म्हणाले. "दगड मीच करतो सगळे."

"फोरमनने सांगितलं मला काय झालं ते. त्याबद्दल नंतर बोलू," साहेब म्हणाले. "आत्ता एकच विचारतो. हे यंत्र आल्यापासून आमच्या खाणीचे किती दगड तुमच्या हातून गेले?"

"अकरा."

"त्यांतल्या कितींना राळ लावलीत?"

खोलीत यंत्राची मोटार घुमत होती. उरलेलं अर्धं चित्रही आता पुरं होऊन पडद्यावर आलं होतं. बाई काकांकडे पाहत होत्या. हा प्रश्न दिवसभरात त्यांना सुचला नव्हता. सुचायला वेळच मिळाला नव्हता.

काकांनी भिंतीला टेकून उभं राहून घेतलं.

"आणखी दोन," ते म्हणाले. "एक चौथ्या पातळीवरच्या छताचा. दुसरा उताराच्या तोंडाशी डाव्या हाताला आहे, तिथला. दोन्ही ढासळत होते. दोन्हींना तुम्ही हिरवा कंदील दिलेला आहे."

पलीकडे साहेबांनी कुणाकडे तरी कागद मागितला.

"दगडांचे नंबर सांगतो," काका म्हणाले. "लिहून घ्या."